फडक्याची घटना

कोर्लई, ८ फेब्रुवारी १९३२

चि. बस्त्याव,

आधी आली ती ठमाबाई. ओल्या लुगड्यानं, वाळत घालायचे बोंबील टोपलीत तसेच टाकून. तिच्या मागून नामा पोस्टमन आणि नामाच्या मागून अर्धा कोळीवाडा. मी चुलीपुढे होते. म्हटलं, कोण गेलं? तर कोणी गेलेलं नाही, तुझं पत्र आलेलं.

तुझं अक्षर मुंगीएवढं. मी मिशनच्या शाळेत दुसरी पास, छापील वाचते, पण मुंग्या वाचता येत नाहीत. चष्मा शेवग्याच्या शेंगांच्या टोपलीत राहिला होता, तो दुसऱ्या दिवशी भाजी निवडताना सापडला. म्हणून नामालाच म्हटलं, वाच बाबा. त्यानं दारात उभं राहून मोठ्यानं वाचलं, 'माझा सारा वेळ घटनेत जातो. या घटनेवरून इथे मोठमोठी माणसं भांडत आहेत. तिच्यात आपल्या ख्रिस्ती लोकांचं काय होणार, याची मला काळजी वाटते.'

ठमाबाई उंबऱ्यावर मटकन बसली. "कसली घटना गो? पोर बोटीतनं पडला काय?"

नामा म्हणाला, "पडला असता तर पत्र कोणी लिहिलं असतं?"

"पडल्यावर लिवलं आसल!"

झालं. मी डोंगरावरच्या देवमातेला मेणबत्ती बोलले. ठमीनं दर्याला नारळ बोलला. तू पाद्री आहेस म्हणून तिला थांब म्हणायला हवं होतं का? तुझी आई बाळंतपणाच्या तापात गेली तेव्हा स्वतःच्या लेकीला, तुळशीला, एका अंगाला आणि तुला दुसऱ्या अंगाला घेऊन पाजणारी ती. तिचा नारळ मी कोणत्या तोंडानं अडवू?

घरात आपण आपली पोर्तुगीज वळणाची बोली बोलतो, पण त्या बोलीला लिपी नाही, म्हणून हे सगळं मराठीत विचारावं लागतंय. काय केलंस रे बाबा? पोलीस आहेत का त्यात? बिशपसाहेबांनी तुला रोमला पाद्री केलं आणि तिथून लंडनला कायदा शिकायला पाठवलं, तेव्हाच मी म्हटलं होतं, एका माणसानं एकच काहीतरी शिकावं. लगेच लिही. मोठं अक्षर काढ.

तुझी आजीमाय

---

लंडन, १० मार्च १९३२

प्रिय आजीमाय,

आशीर्वाद मागतो. हे बघ, अक्षर मोठं काढलं आहे.

मी सुखरूप आहे. बोटीतून पडलो नाही, पोलीस नाहीत. तुझं पत्र मी जेवणाच्या टेबलावर वाचलं आणि इतका हसलो की शेजारच्या आयरिश पाद्रीनं माझ्या पाठीत बुक्क्या मारल्या. त्याला वाटलं घास अडकला.

इथल्या पुस्तकातली 'घटना' म्हणजे राज्य चालवायचे मूळ नियम. आपल्याकडे हंगामाची होडी लोटायच्या आधी होडीवाले बसतात ना? तांडेलाचा वाटा किती, जाळंवाल्याचा किती, वादळात कोणाचं ऐकायचं, तांडेलच चुकला तर त्याला कोण सांगायचं. ते ठरवून मगच होडी पाण्यात. तसं आता हिंदुस्थानचं ठरतं आहे. त्यावर मी प्रबंध लिहितो आहे. सकाळी मठातल्या सिस्टरांसाठी वेदीवर मिस्सेची प्रार्थना म्हणतो, मग दिवसभर ग्रंथालयात बसतो. थंडी अशी की शाई दौतीत दाट होते.

भांडण आहे ते मतांवरून. काही जण म्हणतात, ख्रिस्त्यांसाठी वेगळी जागा असावी, तिथे ख्रिस्त्यानं उभं राहावं आणि त्याला मतं फक्त ख्रिस्त्यांनी द्यावीत. मी लिहितो आहे की असं करू नये. मग आपण ज्यांच्या शेजारी राहतो त्यांना आपली गरज उरणार नाही, आणि आपल्याला त्यांची. हे आपल्याच काही लोकांना आवडलेलं नाही.

ते राहू दे. तुला दुसरं एक सांगायचं आहे. रोमला पाद्री होताना माझ्या तळहातांना पवित्र तेल लावलं आणि दोन्ही हात एका पांढऱ्या तागाच्या फडक्यानं बांधले. ते फडकं पाद्रीनं आपल्या आईला द्यायचं, अशी जुनी रीत आहे. माझी आई गेली, पण मला आई नाही असं कोणी म्हणू शकेल का? जिनं मला वाढवलं तिच्याच हातात मी ते कोर्लईच्या देवळात, गावातल्या पहिल्या मिस्सेला देणार. तोवर ते ट्रंकेत जपून ठेवलं आहे.

दूधआईला सांग, नारळ वाया गेला नाही. काल ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर घसरलो आणि वाचलो.

तुझा,
बस्त्याव

---

कोर्लई, २१ एप्रिल १९३२

माझ्या पाद्रीबाळा,

तुला आता अहो म्हणायचं का? मिस्सेत म्हणेन. घरात नाही.

तुझं पत्र चष्मा लावून स्वतः वाचलं आणि अंगणात एकटीच नाचले. कोंबड्या कुंपणावर चढल्या. एक अजून उतरलेली नाही, अंडी तिथूनच घालते की काय देव जाणे.

तशीच देवळात गेले, आपल्या म्हाताऱ्या पाद्रीबाबांना विचारलं, ही रीत खरी का? ते म्हणाले, खरी. पाद्रीची आई मेली की ते फडकं तिच्या हातांना गुंडाळून पुरतात. वर गेल्यावर स्वर्गाच्या दारात संत पेत्रू विचारतो, तू कोण? ती हात पुढे करते. तो आत सोडतो. बस्त्याव, मला खरं सांगायचं तर फार धास्ती होती. माझी जीभ तुला माहीत आहे. शेजारणींबद्दल मी आयुष्यभर जे बोलले ते सगळं वर कोणीतरी लिहून ठेवलं असणार. आता काही भीती नाही. हात पुढे केले की झालं!

माझी लग्नाची पेटी रिकामी केली. आतला लग्नाचा झगा झुरळांनी खाल्ला होता, त्याची पायपुसणी केली. तळाला नवा कागद घातला, कडुनिंबाचा पाला ठेवला. पेटी तयार आहे, फडकं येऊ दे. साऱ्या गावाला सांगितलं. किहीमला माझी बहीण आहे तिलाही निरोप धाडला, तिचा मुलगा नुसता बोटीवर खलाशी आहे.

ठमीला तर पहिलं सांगितलं. ती म्हणाली, "बरं झालं गो." मग चहा अर्धा ठेवून उठली. होडी लागली, बोंबील उतरवायला जाते म्हणाली. तेव्हा तर ओहोटी होती, होडी कुठून लागणार? म्हातारी व्हायला लागली आता ती.

एक समजलं नाही. आपल्या लोकांना वेगळी जागा देतायत तर तू नको का म्हणतोस? देतायत ते घ्यावं. पेटी माझी एकटीची असली की आत दुसऱ्याचं लुगडं कोणी कोंबत नाही. विचार कर.

तुझी आजीमाय

---

लंडन, १८ सप्टेंबर १९३२

प्रिय आजीमाय,

उत्तराला उशीर झाला. तुझं पत्र हातात घेऊन बसतो, चार ओळी लिहितो आणि कागद फाडतो.

आधी बाहेरची बातमी. गेल्या महिन्यात सरकारचा निवाडा आला. ख्रिस्त्यांना वेगळी जागा मिळाली. तू म्हणतेस तशी, एकट्याची पेटी. मुंबईच्या काही मोठ्या ख्रिस्ती घरांनी बिशपसाहेबांना लिहिलं आहे की हा पाद्री आपल्या लोकांच्या पानातलं काढून दुसऱ्याला वाढायला निघालाय, याला परत आल्यावर कॉलेजात शिकवायला ठेवू नये. बिशपसाहेबांनी अजून मला काही विचारलेलं नाही. प्रबंध मी बदललेला नाही.

आता फडक्याचं. आजीमाय, मी नीट लिहिलं नाही. 'जिनं मला वाढवलं' असं लिहिताना माझ्या डोळ्यांपुढे दूधआई होती. ती तुळशीला बाजूला ठेवून आधी मला घ्यायची, असं तूच मला सांगितलं आहेस. मला वाटलं तुला हे कळेल. तुझा मान माझ्याकडे या सगळ्याच्या वर आहे. पण आईचं फडकं मला वाटतं तिचं आहे.

रागावू नकोस.

तुझा,
बस्त्याव

---

कोर्लई, २ नोव्हेंबर १९३२

चि. फादर बस्त्याव यांस,

पत्र पोचलं. तब्येत बरी. कोंबड्या बऱ्या. ज्याचं फडकं त्याला द्यावं. थंडीत गळ्याला काहीतरी बांधावं.

दुमिंगा

---

लंडन, ३० नोव्हेंबर १९३२

प्रिय आजीमाय,

तुझ्या पत्रात चारच ओळी आणि खाली तुझं नाव. तुझं नाव दुमिंगा आहे हे मी विसरूनच गेलो होतो. नामानं पत्र कोणाला वाचून दाखवलं नाही ना?

माझ्या प्रबंधाचं पहिलंच प्रकरण सांगतं की ज्यांना नियम लागू व्हायचा त्यांना विचारल्याशिवाय नियम करू नये. ते मी दोनशे ग्रंथांचे आधार देऊन लिहिलं. आणि फडक्याचं मात्र इथे बसून एकट्यानंच ठरवलं. तुलाही विचारलं नाही, दूधआईलाही नाही.

तर मी माझा निवाडा मागे घेतो. पुढच्या वर्षी प्रबंध पुरा करून नाताळाला येतो. मिस्सेनंतर फडकं घेऊन खाली येईन. कोणाच्या हातात द्यायचं ते तुम्ही दोघींनी ठरवा. जे ठरेल ते मला मान्य आहे.

गळ्याला मफलर बांधतो.

तुझा,
बस्त्याव

---

कोर्लई, ११ जानेवारी १९३४

माझ्या बस्त्यावा,

तू मुंबईच्या आगबोटीतून हात हलवलास ना, त्यानंतर इथे जे झालं ते ऐकून घे आणि मग तुझी कायद्याची पुस्तकं उघड. उशीर करू नकोस, म्हातारे पाद्रीबाबा माझ्याकडे बघत नाहीत.

आधी मागचं सांगते, ते तुला ठाऊक नाही. तुला देवळात इतकंच दिसलं की आम्ही दोघी पुढे आलो आणि मी ठमीला कोपरानं ढोसलं. पण तिथवर यायला आम्हाला वर्ष लागलं. तुझं ते निवाडा मागे घेतल्याचं पत्र आल्यावर मी कितीतरी दिवस तिच्या अंगणात गेले नाही. शेवटी तीच आली. जवळ्यासारखी बारीक कोलिम घेऊन आली आणि ओसरीवर पाय पसरून म्हणाली, "दुमिंगे, मला नको तुजं फडकं. मी मेल्यावर मला जाळतील. फडकंबी जळंल. उगा कशाला?"

मी म्हटलं, "तेच तर! माझ्याबरोबर मातीत तरी राहील."

"मातीत वाळवी खाईल गो. धूर तरी वर जातो!"

बस्त्याव, मी तोंडात पदर कोंबला, तरी हसू फुटलंच. तीही हसली. आम्ही दोघी अशा हसलो की समोरचा कुत्रा उठून गेला. मग मी विचारलं, "संत पेत्रूला धूर कसा दाखवशील?" तर म्हणते, "त्यो कोळीच व्हता ना? मंग मला वळखंल. तुजीच वळख पटवावी लागंल."

खोटं नाही ते. पाद्रीबाबांनी स्वतःच प्रवचनात सांगितलंय की संत पेत्रू जाळी टाकायचा.

मग आम्ही कोलिम निवडता निवडता आमची घटना केली. तू म्हणतोस तशी, होडी लोटायच्या आधी. तिला एकच कलम आहे. देवळात फडकं हातात घेईल ठमी, कारण दूध तिचं. आणि दोघींतली जी मागे राहील ती ठरवील, फडकं जाणारीबरोबर द्यायचं की ठेवायचं. म्हणजे मी आधी गेले तर ठमीनं ठरवायचं, ती आधी गेली तर मी. ठमी म्हणाली, "व्हय. पन मंग मी काय तुज्या आदी मरनार न्हाय." मी म्हटलं, बघू.

म्हणून देवळात ढोसलं. तिनं आधी दोन्ही हात लुगड्याला पुसले, तू पाहिलंस. तूही काही कमी रडला नाहीस. मुंबईहून तुझ्याबरोबर आलेले कॉलेजातले ते चष्मेवाले प्रोफेसर नाक शिंकरत होते. मी मात्र रडले नाही. मी मोजत होते की किहीमची बहीण किती वेळा माझ्याकडे बघते.

आता खरी गोष्ट. तू गेलास त्याच्या दुसऱ्या दिवशी पाद्रीबाबा म्हणाले, चला, फडकं नीट ठेवलंय का बघू, पवित्र वस्तू आहे. मी त्यांना घेऊन ठमीकडे गेले. दार उघडं. फडकं कुठाय? ठमीनं बोट दाखवलं. बोंबील वाळत घालायच्या दोरीवर! दोन बोंबलांच्या मधे, पांढरंशुभ्र, वाऱ्यावर उडतंय.

पाद्रीबाबा म्हणाले, "हे काय केलंत?"

ठमी म्हणाली, "रिठ्यानं धुतलं. तेलाचे डाग व्हते पोराच्या फडक्यावर. तसंच ठेवू? लंडनात कोन धुनार त्याचं?"

"बाई, ते पवित्र तेल होतं!"

"मंग आता नारळाच्या झाडाला मिळालं. धुण्याचं पानी मी थितंच वतते."

पाद्रीबाबा खाली बसले. त्यांना पाणी दिलं. उठल्यावर म्हणाले, बिशपसाहेबांना लिहून विचारतो, हे फडकं आता काही उरलंय का नुसती चिंधी झालीय. मी म्हटलं, "बिशपसाहेबांना कशाला? माझा नातू घटनावाला आहे." मी मोठ्या आवाजात म्हटलं खरं, पण मनात देवमातेला आणखी एक मेणबत्ती बोलले. ठमी ओठ चावत फडक्याकडे बघत होती. ती तेव्हापासून जेवायला बसली की उठते. म्हणते, पोराचं एवढं एकच दिलं आणि मी नासवलं.

तर सांग. फडकं अजून फडकं आहे का? ठमीला वाचून दाखवता येईल असं लिही, आणि अक्षर मोठं.

तुझी आजीमाय

---

मुंबई, २० जानेवारी १९३४

प्रिय आजीमाय, आणि प्रिय दूधआई,

दोघींना एकत्र लिहितो आहे. हे पत्र पाद्रीबाबांनाही दाखवा.

निवाडा असा. तेल माझ्या हातांना लावलं होतं आणि ते हातांत आहे. रिठ्यानं ते जात नाही, मी लंडनच्या साबणानं दोन वर्षं धुऊन पाहिलं. फडक्यानं फक्त माझे हात बांधून धरले. ते काम झालं, ते आता कोणालाही पुसता येणार नाही. आणि लेकराचं फडकं धुण्यासाठी आईनं कोणाची परवानगी घ्यायची, असा नियम मला ना रोमच्या पुस्तकात सापडला, ना लंडनच्या. मी ग्रंथालयात खरंच दुपारभर शोधला. दूधआई, फडकं तुझंच आहे, आणि चांगलं धुतलं आहेस. पोटभर जेव.

तुमचं एकच कलम मी प्रोफेसरांना सांगितलं. त्यांनी ते वहीत उतरवून घेतलं. मग म्हणाले, दोन्ही पक्षांचा एकमेकांवर इतका विश्वास असेल तर आपल्यासारख्यांची नोकरी जाईल.

माझी मात्र गेली नाही. बिशपसाहेबांनी परवा बोलावलं. टेबलावर माझ्या विरुद्ध आलेली पत्रं होती, शेजारी माझा प्रबंध, पानापानांत खुणा घातलेला. म्हणाले, "मला तुझं सगळं पटलेलं नाही. वेगळ्या जागा आता पुष्कळ वर्षं राहतील. पण तू शिकव, आणि सकाळच्या मिस्सेला उशीर करू नकोस." जूनपासून कॉलेजात घटनेचा वर्ग माझ्याकडे आहे. पहिल्या दिवशी मुलांना सांगणार आहे की एकदा लंडनहून एक पत्र आलं आणि कोर्लईला दर्यात नारळ पडला.

तुमचा,
बस्त्याव

---

कोर्लई, ६ फेब्रुवारी १९३४

माझ्या बस्त्यावा,

आज कोण आधी आलं सांगू? पाद्रीबाबा! ठमीच्या अंगणात स्वतः चालत. फडकं मागून घेतलं, उजेडात धरलं, नाकाशी नेलं, शिंकले आणि म्हणाले, "बोंबलाचा वास काही जाणार नाही, पण पाद्रीचंच आहे." ठमी आत गेली आणि त्यांना वाटीभर सुके बोंबील दिले. त्यांनी घेतले. तुझं पत्र मी तिला चार वेळा वाचून दाखवलं. पोटभर जेव असं जिथे लिहिलंयस तिथे ती दर वेळी म्हणते, "परत वाच."

आणि ऐक. संध्याकाळी ती फडकं घडी घालून माझ्याकडे घेऊन आली. म्हणाली, "माज्या घरात उंदीर हायेत. तुजी पेटी रिकामी पडलीय ना? ठेव तितं." मी म्हटलं, "तुझं आहे गो." तर म्हणते, "माजंच हाय. म्हनून तर सांगते ठेव." पेटी उघडून ठेवलं. वर तिचं एक लुगडंही ठेवलंय, तेही उंदरांपासून. पेटीत जागा पुष्कळ आहे, मला आधी तसं वाटलं नव्हतं.

आता एक नवीनच सुरू झालंय. काशीदच्या दोन कोळणी आल्या होत्या, केसर आणि तिची सून. कोणी सांगितलं देव जाणे. सुनेला दिवस गेलेत. ते फडकं बघायचंय म्हणाल्या, ज्याचं दूध ठमाबाईचं आणि तेल रोमचं. ठमीनं त्यांना माझ्याकडे आणलं. माझ्या दारात कमरेवर हात ठेवून अशी उभी राहिली जणू पेटी, घर आणि मी सगळं तिचंच. सुनेनं फडक्याला हात लावला, वास घेतला आणि हसली. केसर म्हणाली, पोराला पाद्री करायचं नाही हां, पण जरा शिकू दे. मी म्हटलं, एकाच वेळी दोन गोष्टी शिकला तरी चालतं, मी आता हरकत घेत नाही.

चहा प्यायल्या, शेवग्याच्या शेंगा घेऊन गेल्या. तुलाही बघायचंय त्यांना, तेव्हा सुट्टी काढून ये. शिमगा झाल्यावरच्या पहिल्या शनिवारी परत येतो म्हणाल्या, सकाळच्या भरतीला.

तुझी आजीमाय